टँकच्या मागं कोण आहे?

बीड, गेवराई, माजलगाव इकडची बहुतेक पोरं माझ्याकडे ओव्हरवॉच शिकायला येतात ती बीजीएमआय नाहीतर फ्री फायर खेळून. हात तयार असतो, नेम चांगला असतो, झोन कुठं सरकेल याचा अंदाजही पक्का असतो. पण लॅपटॉपवर ओव्हरवॉच सुरू केलं आणि टँक, म्हणजे संघाच्या पुढं राहणारी भूमिका, घ्यायची वेळ आली की हीच पोरं अडखळतात. बॅटल रोयालमध्ये एकदा मेलं की डाव बहुतेक संपतो. म्हणून आडोसा धरून बसणं आणि दुसऱ्या दोन स्क्वाडना आपसात भांडू देणं तिथं शहाणपणाचं ठरतं. टँकनं तसं केलं तर संघाला उभं राहायला जागाच उरत नाही.

दुसरी चूक याच्या अगदी उलटी. टँक म्हणजे मार खाणारा, अशी समजूत करून घेऊन पोरगं राइनहार्ट या टँकची ढाल उचलतं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहतं. ती ढाल बघता बघता फुटते. उचललेली असताना ती भरून येत नाही, खाली ठेवली तरच भरते. त्यामुळे जाणता टँक भिंतीच्या कोपऱ्यावर खेळतो, निम्मं अंग आडोशाला ठेवतो आणि ढाल फक्त रस्ता ओलांडायला उघडतो. त्याचं काम जागा मिळवण्याचं आहे. तो कोपरा त्यानं धरला की मागच्या चौघांना नव्या दिशेनं गोळीबार करता येतो, आणि समोरच्यांना मागं सरकावं लागतं. एकही बळी न घेता टँकनं सामना जिंकून दिलेला मी पाहिला आहे.

2016 साली हा खेळ आला तेव्हा सहा विरुद्ध सहा असे संघ होते. पुढं 2019 मध्ये भूमिका ठरवून दिल्या गेल्या आणि प्रत्येक संघात दोन टँक आले. एक पुढं गेला तर दुसरा मागं हीलरला सांभाळायचा. ऑक्टोबर 2022 मध्ये ओव्हरवॉच 2 पाच विरुद्ध पाच झालं आणि त्यात टँक एकच राहिला. तेव्हापासून हरलं की चॅटमध्ये पहिला शब्द येतो, ‘टँक डिफ’, म्हणजे आपला टँक कमी पडला. मला या शब्दाची मनापासून चीड आहे. टँक कुठं मेला ते सगळ्यांना दिसतं. त्याच्यामागं कोण नव्हतं, हे कुणीच बघत नाही.

आमच्याकडे हे समजवायला कबड्डी पुरते. कोपरारक्षकानं घोटा धरला आणि त्याच क्षणी मध्यरक्षक अंगावर आला नाही, तर चढाईपटू ओढत ओढत मधली रेषा गाठतो. गावातला कुठलाही प्रेक्षक तेव्हा ‘कव्हर कुठं गेलं?’ असंच ओरडतो. विन्स्टन या टँकची उडी तशीच आहे. एकदा उडी मारली की पुढची मिळायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ तो शत्रूच्या घोळक्यात अडकलेला असतो. त्याच पाच सेकंदांत आपल्या दोघांच्या गोळ्या त्याच्याच सावजावर पडल्या पाहिजेत.

म्हणून कॉल उडीच्या आधी हवा. ‘तीन सेकंदांत उडतोय, ॲनावर’, एवढं पुरे. त्याआधी एक गोष्ट विचारायची: शत्रूच्या हीलरचा, ॲनाचा नेड (ग्रेनेड) वापरून झाला का? तो अंगावर पडला तर काही सेकंद कुणाचंही हीलिंग लागत नाही, आणि मोठ्यातला मोठा टँक तेवढ्यात संपतो. शत्रूनं काय वापरलं आणि काय शिल्लक आहे, हे मोठ्यानं सांगत राहणं सगळ्यांचं काम आहे. ‘अरे मेलो रे’ हा कॉल नाही, त्यानं माइक अडतो.

मोठ्या संघांकडे बघताना पोरं फक्त नेम बघतात. 2019 च्या ओव्हरवॉच लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को शॉककडे मी त्यांना वेगळ्या कारणासाठी बघायला लावतो. त्यांच्याकडे सुपर आणि स्मर्फ असे दोन मुख्य टँक होते. कोणता डावपेच चालू आहे ते बघून प्रशिक्षक त्यांतला एक उतरवायचा. प्लेऑफचा पहिलाच सामना ते ॲटलांटाकडून हरले, आणि त्यानंतर एकही मॅप न गमावता विजेते झाले. बाकावर बसलेला टँकही संघातलाच असतो, हे आमच्या पोरांना पटायला फार वेळ लागतो.

हरलेल्या झटापटीनंतर काय करायचं, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. दोघं मेले, तिसरा अजून लढतोय, पहिला परत येऊन एकटाच आत शिरतो, आणि मग पाचही जण एकेक करून मरत राहतात. ओव्हरवॉचमध्ये मेलेला खेळाडू थोड्या वेळात परत येतो. तेवढा वेळ बाकीच्यांनी मागं थांबायचं असतं. बीजीएमआयमधून आलेल्या पोरांना मागं सरकणं जमतं, पण पाच जण जमल्यावर एकदम पुढं जाणं जमत नाही. तिथं टँकचा आवाज लागतो: ‘थांबा, सगळे येऊ द्या.’

 

सामना झाला की रिप्ले लावतो. टँक मेला त्या क्षणाच्या दहा सेकंद आधीपासून, आणि टँककडे न बघता. उरलेले चौघे कुठं होते, ते प्रत्येकानं वहीत काढायचं. मार्व्हल रायव्हल्समध्ये याच भूमिकेला व्हॅनगार्ड म्हणतात, तिथंही रीत हीच. अंबाजोगाईला इंजिनिअरिंग करणारी काही पोरं आता सरावाला येणार आहेत. त्यांच्यात जो सगळ्यात जोरात ‘टँक डिफ’ म्हणतो, त्याला पहिले काही सामने टँकच खेळायला देणार आहे.