टिपण आणि उतारा

‘टिपणे’ या क्रियापदात निवड गृहीत आहे. पाखरू दाणा टिपते आणि कणीस सोडून देते. टीपकागद जादा शाई टिपतो, अक्षर जागेवरच राहते. ‘उतारा’ हा शब्द निवडीविषयी असे काही सांगत नाही. वाचताना टिपणे हाताने काढावीत की संगणकावर, हा वाद साधनांचा म्हणून मांडला जातो. तो वस्तुतः या दोन शब्दांमधल्या अंतराचा असावा, असे एका प्रबंधाच्या लेखनकाळात घडलेल्या प्रसंगावरून वाटते.

प्रबंध एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधगद्यावरचा. संशोधिकेने एम. ए.च्या काळात वह्यांमध्ये टिपणे काढली होती, पीएच. डी.ची नोंदणी झाल्यावर तो खटाटोप थांबला. मोबाइलवर पानांची छायाचित्रे घ्यायची, पीडीएफमधला मजकूर उचलून फाइलमध्ये चिकटवायचा, त्याखाली सुचेल ते लिहायचे. तीन वर्षांत फाइल सातशे पानांची झाली. चौथ्या प्रकरणाचा खर्डा मार्गदर्शकांनी परत दिला तो एका परिच्छेदाखाली रेघ ओढून : ही भाषा तुमची नाही. तिला ती स्वतःचीच वाटत होती. फाइलमध्ये तो परिच्छेद अवतरणचिन्हांवाचून, तिच्याच भाष्यांच्या रांगेत, त्याच टंकात उभा होता. शोध घेता तो एका जुन्या समीक्षालेखातला निघाला.

यात चौर्याचा हेतू नव्हता. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे विनियम साम्य टक्क्यांत मोजतात. 10 टक्क्यांहून अधिक आणि 40 टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर सुधारित प्रबंधासाठी 6 महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. तो एक परिच्छेद काढून टाकणे सोपे होते. सातशे पानांतली आपली वाक्ये कोणती, हे मात्र तिला खात्रीने सांगता येईना.

तोच समीक्षालेख तिने एम. ए.ला असताना वाचला होता. वहीत त्याला चारच ओळी मिळाल्या होत्या, त्याही तिच्या तोडक्यामोडक्या शब्दांत. आणि समासात तिरक्या अक्षरांत एक प्रश्न : ‘मग निबंधमालेचे काय?’ चिपळूणकरांची 1874 साली सुरू झालेली निबंधमाला त्या लेखाच्या प्रतिपादनात बसत नव्हती, हे तिला तेव्हा दिसले होते. ज्या मताशी ती एकेकाळी असहमत होती, ते मत फाइलच्या वाटेने तिचेच होऊन बसले होते आणि असहमती विसरली गेली होती.

म्युलर आणि ओपनहायमर यांच्या 2014च्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवताना आढळले. तसे करू नका, असे बजावूनही ती सवय सुटली नाही. अर्थात ते प्रयोग व्याख्याने ऐकणाऱ्यांवरचे होते, आणि 2019 साली मोअरहेड, डनलॉस्की व रॉसन यांनी ते पुन्हा केले तेव्हा हस्तलेखनाची सरशी तितकी स्पष्ट राहिली नाही. हाताचा महिमा गाणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. हातानेही निव्वळ नक्कल करता येतेच. आपल्या वर्गांतल्या कित्येक वह्या त्याला साक्ष आहेत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशप्रकल्प 1948 साली सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून तेथे हाताने लिहिलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. चिठ्ठीवर असतो तो उताराच. पण कोणता शब्द, कोणत्या संदर्भासह, किती वाक्यापुरता घ्यायचा, हे लेखणी टेकण्यापूर्वीच ठरवावे लागे. आणि ग्रंथाचे नाव व स्थळ यांवाचून त्या चिठ्ठीला काही किंमत नसे. फाइलमध्ये मजकूर आधी येतो, निर्णय पुढे ढकलला जातो आणि बहुधा राहूनच जातो.

संशोधिकेने फाइल पुसली नाही. सातशे पानांत एखादा शब्द क्षणात सापडतो, ही सोय वहीत नाही. पण तो समीक्षालेख तिने पडद्यावर उघडून पुन्हा वाचला, आणि शेजारी वही ठेवली. चौथे प्रकरण आता समासातल्या त्या प्रश्नाने सुरू होते.