अण्णांचं रजिस्टर

अण्णांनी माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकला नाही, बढतीला हातभार लावला नाही. त्यांनी मला प्रोग्रॅम संपताना जो आकडा मागे ठेवून जातो तो वाचायला शिकवलं. त्यावर मी आजवर पोट भरतो आहे, म्हणून हे ऋण मांडून ठेवायचं.

एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये रात्रीच्या बॅचवर आम्ही एकत्र होतो. अण्णा मेनफ्रेमवर मुरलेले. तिथे कोड येतात 0, 4, 8, 12, 16 असे. जुन्या असेंब्लीत उडी मारण्याची सूचना चार बाइटची असे; चारच्या पटीतला कोड तक्त्याच्या पत्त्यात मिळवला की थेट हव्या त्या सूचनेवर पोचता यायचं. 4 म्हणजे नुसती ताकीद, जॉब सहसा पुढे जातो. आम्ही युनिक्सवर वाढलेली पोरं; शून्य सोडून काहीही आलं की फोन फिरवायला धावायचो. अण्णा खुर्चीतून न उठता म्हणायचे, "कोड नंतर सांग रे, आधी मशीन सांग."

त्यांच्या लांबोळक्या रजिस्टरात चार रकाने होते: मशीन, प्रोग्रॅम, कोड, काय करायचं. ग्रेपने 1 दिला तर शोधलेलं सापडलं नाही एवढंच. खरी चूक 2 ला. विंडोजवरच्या रोबोकॉपीचा 1 म्हणजे फायली नीट कॉपी झाल्या, काळजी 8 पासून पुढे. व्हीएमएसच्या ओळीखाली लाल शाईत होतं: विषम पास, सम नापास. लिनक्सवर 137 आला की ते मला तोंडी वजाबाकी करायला लावत. 128 गेले, उरले 9. म्हणजे प्रोग्रॅम आपणहून संपला नाही, त्याला बाहेरून मारलंय. मेमरी पुरते आहे का ते बघ.

विंडोजची गोष्ट मात्र त्यांनी मला शेजारी बसवून दाखवली. व्याजाचा प्रोग्रॅम मधेच कोसळला होता, तरी पुढची पायरी अर्धवट फाइल छापत सुटली होती. कोड होता -1073741819, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा. बॅच फाइलमध्ये लिहिलं होतं 'इफ एररलेव्हल 1'. याचा अर्थ 1 किंवा त्याहून मोठा. उणे आकडा त्यातून अलगद निसटतो. अण्णांनी 'शून्य नसेल तर थांब' अशी ओळ घातली आणि तसल्या बाकीच्या फाइली शोधायचं काम माझ्यावर सोडलं. त्या कामात मी जे शिकलो ते कुठल्या कोर्सात मिळालं नसतं.

एक प्रोग्रॅम तर नापास नोंदींची संख्याच कोड म्हणून द्यायचा. युनिक्सवर विचारणाऱ्याच्या हाती खालचे आठच बिट लागतात. रजिस्टरात अण्णांची नोंद: "256 चुका झाल्या तर हा पास होईल." पुरवठादाराने तो दुरुस्त करून दिला तरी अण्णांनी नोंद खोडली नाही, जुनी प्रत कुठल्या तरी सर्व्हरवर उरलेली असतेच, असं त्यांचं म्हणणं. ते निवृत्त होऊन गावी गेल्यावर ती सापडली. मी उत्साहाने फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न, "चुका किती होत्या?"