उड्या मारणारं चाक

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. गाड्यांचं माझं ज्ञान लूना आणि एस्टीच्या पलीकडे गेलं नाही. तेव्हा आजचा विषय पाहून आमच्या घरचे हसणार, हे धरूनच लिहायला बसलो आहे.

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. पन्नाशीला आलेला, सरळमार्गी माणूस. पण आठ सिलिंडरची, मागच्या चाकांवर धावणारी एक दणकट गाडी त्याने हौसेने घेतली आहे. त्याचा मुलगा सतरा वर्षांचा. बापलेकांचं बोलणं जवळपास बंदच होतं. जेवताना "हं" आणि "नको", बस्स. मी निघताना बहीण म्हणाली होती, "दादा, जातोच आहेस तर बघ जरा पोराशी बोलून." मी काय बोलणार? मला इंग्रजी बेताचं, त्याला मराठी बेताचं.

भाचा ती गाडी पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर नेतो. एकदम जोर देऊन सुटलं की मागून धडधडधड असा आवाज येई, जणू कोणी चाक उचलून रस्त्यावर आपटतंय. एकदा असंच सुटताना एका बाजूचा शाफ्ट तुटला. सूनबाई म्हणाली, "आता विका ती." भाच्याचा चेहरा उतरला.

याला 'व्हील हॉप' म्हणतात. इंजिनाचा जोर येतो तेव्हा टायर रस्ता घट्ट धरतो आणि मागचे रबरी बुश, दांडे, शाफ्ट सगळे पिळले जातात. पीळ वाढत जातो आणि एका क्षणी टायरची पकड सुटते. पीळ झटक्यात उलगडतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पीळ. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा. त्या हिसक्यांनीच शाफ्ट तुटतो.

हे ऐकलं आणि मला एकदम फळा आठवला! खडू लांब धरून जरा उलटा रेटला की तो फळ्यावर टकटक उड्या मारत जातो. आमचे भूमितीचे सर याच युक्तीने झरझर तुटक रेषा काढायचे. आणि उड्या नको असतील तर? खडू मोडून आखूड करायचा आणि टोकाजवळ धरायचा. मी हे कागदावर काढून पोराला दाखवलं. तो पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "आजोबा, सेम थिंग!"

हा रोग जुनाच आहे. पूर्वी मागे अखंड अ‍ॅक्सल आणि ट्रकला असतात तसे पाटे असत. जोर आला की पाटा इंग्रजी एससारखा वाकायचा. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगमध्ये यासाठी अ‍ॅक्सलला दोन जादा आडवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर दिले होते. मस्टँगने अखंड अ‍ॅक्सल सोडला तो २०१५च्या मॉडेलपासून. पण दोन्ही चाकं स्वतंत्र झाली म्हणून उड्या थांबतातच असं नाही, कारण सांधे वाढले की रबरही वाढतं. २००९च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये तर दोन बाजूंचे शाफ्ट मुद्दाम कमी-जास्त जाडीचे ठेवले, म्हणजे दोन्ही एकाच तालात पिळायला नकोत.

भाचा नवे टायर घ्यायला निघाला होता. मुलगा म्हणाला, "आधी बघू तरी काय हलतंय." त्याने गाडीखाली छोटा कॅमेरा बांधला. रात्री दोघं ते चित्रीकरण संथ करून बघत बसले. मागचा सगळा सांगाडा ज्यावर बसतो ती सबफ्रेमच बुशांमध्ये पुढेमागे डोलत होती.

मग चार शनिवार गॅरेजमध्ये गेले. सबफ्रेमचे बुश आवळणारे तुकडे बसवले, चाकाला धरणारे दांडे कडक सांध्यांचे घातले, शॉक बदलले. डिफरन्शियलचे बुशही कडक करावेत असं भाच्याचं म्हणणं. मुलगा नको म्हणाला. ते कडक केले की गुणगुण थेट आत येते, आणि दूध आणायला तीच गाडी आई नेते. यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी सोप्यावर बसून ते ऐकत होतो आणि मनातून खूश होतो. भांडायला तरी बोलावं लागतं ना!

शेवटी ते रबर तसंच राहिलं. धडधड जवळजवळ गेली. गाडी खड्ड्यात थोडी जास्त आदळते, पण सूनबाईने विकण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मला वाटतं, शिक्षक म्हणून आम्हीही हेच करायचो. मूल बिचकलं, उधळलं की आधी जोर वाढवायचा, नाहीतर सगळंच आवळायचं. कुठला सांधा हलतोय ते वाकून बघायला वेळ लागतो. आणि थोडं रबर कुठेतरी ठेवावंच लागतं, नाहीतर घरात आवाज फार होतो.

असो. बहिणीला फोन करून सांगितलं, मी काहीही बोललो नाही.