पळत्या बोटीचा तोल

रिमोटवरची बोट पाण्यात ठेवल्यावर समतल तरंगली की नवखा माणूस खूश होतो. मला ती किंचित उजवीकडे कललेली हवी असते. उभी बोट आणि पळती बोट या दोन वेगळ्या बोटी आहेत. उभीला पाणी सगळीकडून तोलून धरतं. वेग घेतला की ती वर उठते आणि मागच्या वीतभर तळावर घसरत जाते. तोल त्या वीतभरावर साधायचा. 1898 मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली, ती पाणी कापत सावकाश जाणारी होती. हा प्रश्न वेगाबरोबर आला.

सुरुवात घरीच करावी. बॅटरीसकट सगळं सामान बसवून, मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण 30 टक्क्यांवर दोन्ही बाजूंना खूण करायची. 60 सेंटिमीटरच्या बोटीला ती 18 वर येते. खुणांखाली बोटांची टोकं लावून बोट उचलायची. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे, बूड खाली गेलं तर पुढे. मोटर, शाफ्ट जागेवर पक्के. सरकवण्याजोगं मोठं वजन बॅटरीचंच, म्हणून तिच्याखाली वेल्क्रो.

मग औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर धरण. हिवाळ्यात सकाळी वारा सुटायच्या आत पूर्णेचं पाणी सपाट असतं. चाचणी तेव्हाच घ्यावी, नाहीतर उडी लाटेमुळे बसली की तोलामुळे, हे कळत नाही. बॅटरी जास्त मागे असली की नाक वर-खाली आपटत राहतं. जास्त पुढे असली की बोट पाणी नांगरते, वेग मरतो आणि वळणावर नाक रुतून ती गर्रकन फिरते. योग्य जागा मिळाली की मोटरचा आवाज एकसुरी होतो. मी डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो. दर फेरीनंतर आत शिरलेलं पाणी काढून टाकावं. चमचाभर पाणीसुद्धा वेग घेताना मागे धावतं आणि सगळा हिशोब बिघडवतं.

पंखा मागून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, तर हिसक्यानं बोटीची डावी बाजू दबते. जाळं ओढताना भोई होडीत उलट्या अंगाला सरकतो, तशी बॅटरी उजवीकडे थोडी सरकवायची. तो कल याचसाठी. पंख्याचाही तोल वेगळा पाहावा लागतो. बारीक गुळगुळीत दांडीत ओवून तो आडवा धरला की जड पातं हळूच खाली येऊन थांबतं. त्याच पात्याची पाठ पॉलिश पेपरनं घासत जायचं, पंखा ठेवू तिथे थांबेपर्यंत.

दुपारी वारा चढल्यावरही बोट सोडायचीच असेल, तर मी बॅटरी बोटभर पुढे घेतो. वेग थोडा जातो, पण समोरचा वारा नाकाखाली शिरून बोट उलटी पाडत नाही. जलाशयाच्या मध्यावर उलटलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरणं मला मान्य नाही.