आवडीची आवड

चेन्नई सेंट्रलहून लोकलने आवडीला उतरलो. रणगाड्यांच्या कारखान्याचं, १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनाचं हे गाव. उन्हाने जीव कासावीस! मुलांनी कोलाचा हट्ट धरला. आम्ही म्हटलं, आज इथलंच प्यायचं आणि दहापैकी गुणही द्यायचे.

गोली सोडा, म्हणजे आपलाच गोटी सोडा: सहा. काळी मार्क या १९१६ सालच्या तमिळ कंपनीचं द्राक्षाच्या चवीचं बोवोंटो: आठ. मग आला ‘पनीर सोडा’. धाकटीने नाक मुरडलं, ‘‘सोड्यात पनीर?’’ पण तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी! एका घोटात तिची कळी खुलली. दहापैकी दहा!

परतताना कोलाची आठवणही कुणी काढली नाही. प्रवासात मुलांना परीक्षक नेमून पाहाच!