गाईची वेळ

दोस्तांनो, मक्याचं कणीस केव्हा खावं? तुम्ही म्हणाल, कोवळं असताना, निखाऱ्यावर भाजून, वर लिंबू-तिखट-मीठ! अगदी बरोबर. पण हाच प्रश्न गाईला विचारला तर? तिचं उत्तर ऐकायला चला, औंधला जाऊ.

साताऱ्याहून एस.टी.त बसा. रहिमतपूर मागे पडलं, की टेकड्या बोडक्या दिसू लागतात. खटाव तालुक्यातलं औंध म्हणजे एके काळची संस्थानची राजधानी. मूळपीठ डोंगरावर यमाईदेवीचं मंदिर आहे. वाटेत राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय लागतं. तिथली राजा रविवर्म्यांची चित्रं जरूर पाहा. मग डोंगरावर उभे राहून खाली नजर टाका.

याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि इकडे त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा येतो. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी राहत नाही. गुरं मात्र घरोघरी! जुन्या औंध संस्थानातलं आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. खिल्लार गुरांच्या एका जातीला तर 'आटपाडी महाल' असंच नाव आहे. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात या भागातली गुरं चारा छावण्यांत न्यावी लागली होती. घरचा चारा संपला, की छावणी नाहीतर बाजार!

म्हणून इथले शेतकरी चाऱ्याचं चक्क लोणचं घालतात. त्याला म्हणतात मुरघास. हिरवा मका कणसासकट कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून दाबून भरायची आणि तोंड घट्ट बंद करायचं. आत हवा राहिली नाही, की दह्यात असतात तसलेच जिवाणू कामाला लागतात. ते मक्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आंबटपणात चारा टिकतो. साधारण दीड महिन्यात मुरघास तयार!

खरी गंमत आहे ती कापणीच्या वेळेत. भाद्रपदात आम्ही एका शेतावर गेलो, तेव्हा मका डोक्याच्या वर गेला होता. सातवीतली माझी भाची म्हणाली, "आजोबा, कणसं तर भरलीत. कापा की!"

आजोबांनी एक कणीस मधोमध मोडलं. "दाणा बघ. वर पिवळा, कडक. खाली पांढरा चीक. मधी रेघ दिसती का? ती निम्म्यावर आली, की कापायचं."

मग त्यांनी कुट्टीची मूठ आवळली आणि हात हळूच उघडला. "पाणी गळलं तर कोवळा. गोळा झटक्यात फुटला तर वाळलेला. सावकाश सुटला, की समजायचं बेस."

कोवळ्या मक्यात पाणी फार असतं आणि दाण्यात पीठ कमी. पिशवीतून रस गळून जातो, चाऱ्याला घाण वास येतो. उशीर झाला तर ताटं वाळतात, नीट दाबली जात नाहीत, हवा राहते आणि बुरशी धरते. कडक दाणे तर शेणातून तसेच बाहेर पडतात! शंभर किलो कापलेल्या मक्यात पासष्ट ते सत्तर किलो पाणी असेल, ती वेळ नेमकी.

"एका साली कुट्टीचं यंत्र गावात आलं होतं, म्हणून आठ-दहा दिवस आधीच कापला," आजोबा म्हणाले. "पिशव्या उघडल्या तर गाईंनी तोंड फिरवलं. चैतात एक गाय विकावी लागली." एवढं बोलून ते गप्प झाले. भाचीनं आणखी एक कणीस मोडलं आणि रेघ नीट निरखून पाहिली.

चारा टिकवणं हे काही साधं काम नव्हे बरं का! फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांना १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात त्यांच्या चारा टिकवण्याच्या पद्धतीचा मोठा वाटा होता.

तर मंडळी, कोवळं कणीस आपलं, कडक वाळलेलं गिरणीचं आणि या दोन्हींच्या मधले थोडेसे दिवस गाईचे. पुढच्या वेळी कणीस हातात आलं, की भाजण्याआधी मधोमध मोडून बघा. रेघ दिसली, तर ते तुमचं नाही, गाईचं आहे!