गव्हाच्या शेतामागचे गाव

योआकिम पातिनिर या फ्लेमिश चित्रकाराने १५१८ ते १५२० च्या सुमारास रंगवलेले, मिसर देशाच्या वाटेवरील विश्रांतीचे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मी ते केवळ छापील पानावर पाहिले आहे, आणि पुष्कळ वर्षे मला ते निव्वळ शांततेचे चित्र वाटत राहिले. मधोमध मरिया बाळाला अंगावर पाजते आहे. पुढ्यात टोपली, गाठोडे, काठी. डावीकडून योसेफ दुधाचे भांडे घेऊन येतो आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हे पलायन दोन-तीन वचनांत आटोपते. वाटेत काय घडले, याविषयी तिथे मौन आहे. ते पुढे दंतकथांनी भरून काढले. त्यांतली एक चित्रात उजवीकडे दिसते. शेतकऱ्याने नुकताच पेरलेला गहू चमत्काराने कापणीला येतो. हेरोदाचे शिपाई विचारतात, हे कुटुंब इथून केव्हा गेले? शेतकरी सांगतो, पेरणी चालली होती तेव्हा. शिपाई माघारी फिरतात. खोटे न बोलता जीव वाचवणारे हे उत्तर मी वर्गात नेहमी रंगवून सांगत असे.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, बाकीच्या मुलांचं काय झालं?"

"तो आजचा विषय नाही," मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली आणि मला सुटल्यासारखे वाटले.

घरी येऊन भिंगातून चित्र पाहिले. गव्हाच्या शेतामागे एक गाव आहे. तिथे शिपाई लहान मुलांची कत्तल करीत आहेत. आकृती इतक्या चिमुकल्या, की नजर सहज वरून निघून जावी. पातिनिरने काहीच वगळले नव्हते. वगळले होते ते मी.

ड्यूररने १५२१ मध्ये आपल्या रोजनिशीत पातिनिरला उत्तम निसर्गचित्रकार म्हटले आहे. मला या चित्रातल्या विस्तीर्ण निसर्गाचे प्रयोजन त्या दिवशी उमगले. चौकट लहान असती, तर तिच्यात माय-लेकरूच मावले असते. एक बाळ वाचले आणि बाकीची वाचली नाहीत, ही दोन्ही सत्ये एकाच आभाळाखाली ठेवायला एवढी जागा लागते.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक वर्गात नेले. ती आली नव्हती. आता हे चित्र दाखवताना मी आधी त्या गावावर बोट ठेवतो, मग मरियेकडे येतो.